गुगनहाइम की मोमा? न्यूयॉर्कमध्ये वास्तू पाहण्यासाठी एक दुपार हाताशी असेल तर

मुलांकडे न्यू जर्सीला आलेल्या आईवडिलांना किंवा कामानिमित्त न्यूयॉर्कला आलेल्या पाहुण्याला आधुनिक कलेच्या संग्रहालयासाठी बहुधा एकच दुपार मिळते. चित्रांपेक्षाही इमारतीची ओढ अधिक असेल, तर खरी निवड गुगनहाइम आणि मोमा (म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट) या दोन संग्रहालयांत असते. प्रौढांचे तिकीट दोन्हीकडे 30 डॉलरच्या घरात असल्याने खर्चावरून काही ठरत नाही. माझे मत आरंभीच नोंदवतो: केवळ वास्तूसाठी जायचे असेल तर गुगनहाइम निवडावे, मात्र त्याला एक अट आहे आणि ती पुढे येईलच.

अमेरिकन वास्तुकार फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे गुगनहाइमच्या रचनेचे काम 1943 साली आले आणि इमारत खुली झाली 1959 च्या ऑक्टोबरमध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर सहा महिन्यांनी. फिफ्थ अॅव्हेन्यूवरील चौकोनी इमारतींच्या रांगेत ती उतरंड उलटी मांडावी तशी वर रुंदावत जाते. आत शिरताना छत मुद्दाम ठेंगणे ठेवलेले आहे, आणि दोन पावले पुढे टाकताच काचेच्या घुमटापर्यंतची सगळी पोकळी एकदम डोक्यावर उघडते. हा क्षण कोणत्याही छायाचित्रात सापडत नाही. भिंतीलगत सुमारे पाव मैलाचा सलग उतार सहा फेरे घेत वर जातो. लिफ्टने वर जाऊन चालत खाली यावे, अशी राइट यांची कल्पना होती. आज प्रदर्शनांची मांडणी बहुधा खालून वर केलेली असते, तरीही वास्तू पाहणाऱ्याने वरूनच सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सांगेन, कारण उतरताना कठड्यापलीकडचे लोक, चित्रे आणि उजेड यांचे नाते प्रत्येक वळणावर बदललेले दिसते. खाली फरशीत बसवलेली धातूची वर्तुळे पाहावीत आणि बाहेर पडल्यावर पदपथाकडेही लक्ष द्यावे. तीच वर्तुळे तिथपर्यंत आलेली आहेत.

या रचनेवर आक्षेपही होते आणि ते निराधार नव्हते. कललेल्या भिंती आणि उतरती जमीन चित्रांना मारक ठरेल, असे पत्र 1956 साली 21 चित्रकारांनी लिहिले होते, आणि उतारावर उभे राहून सरळ टांगलेले चित्र पाहताना त्यांचे म्हणणे आजही पटते. फवारून केलेल्या काँक्रीटच्या सलग भिंतींत प्रसरणासाठी सांधे न ठेवल्याने बाहेरच्या बाजूला तडेही पडत राहिले आणि पुढे मोठी दुरुस्ती करावी लागली. असे असूनही 2019 साली राइट यांच्या इतर सात इमारतींसह ही वास्तू जागतिक वारशाच्या यादीत गेली. मराठी वाचकाला आणखी एक धागा जवळचा वाटेल: जे. जे. मध्ये शिकलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन 2014-15 मध्ये याच संग्रहालयाने भरवले होते.

मोमाची वास्तू एका दृष्टिक्षेपात मावत नाही, कारण ती अनेक हातांनी वाढवलेली आहे. वास्तुकार गुडविन आणि स्टोन यांचा 1939 सालचा दर्शनी भाग, फिलिप जॉन्सन यांची 1953 सालची शिल्पबाग, जपानी वास्तुकार योशिओ तानिगुची यांचा 2004 सालचा विस्तार आणि 2019 सालची नवी दालने हे सारे एकमेकांना बिलगून उभे आहे. तानिगुचींचे कौशल्य दाखवण्यापेक्षा मागे राहण्यात आहे: भिंतींमधल्या उभ्या फटींतून मधूनच 110 फूट उंचीची मधली पोकळी दिसते, मधूनच बाग आणि पलीकडचे शहर. संगमरवरी फरसबंदी, दोन लांबट जलाशय आणि मोजकी झाडे असलेली ती बाग मला संपूर्ण संकुलातील सर्वांत सुंदर जागा वाटते. पाऊस किंवा बर्फ असेल तर मात्र ती बंद राहते. शेवटच्या विस्तारासाठी शेजारची अमेरिकन लोककला संग्रहालयाची इमारत, जी 2001 मध्येच उघडली होती, 2014 साली पाडली गेली. एका वास्तूसाठी दुसरी इतकी नवी वास्तू जावी, हे मला अजूनही सलते.

गुडघे दुखत असतील तर मोमा सोयीचे ठरते, कारण तिथे सपाट जमीन, लिफ्ट आणि सरकते जिने आहेत; गुगनहाइममध्ये लिफ्ट असली तरी सतत उतारावर उभे राहण्याचा ताण जाणवतो. पोर्ट ऑथॉरिटी या बसस्थानकावर उतरणाऱ्यांना भुयारी रेल्वेच्या ई गाडीने मोमा सरळ गाठता येते, तर गुगनहाइमसाठी ग्रँड सेंट्रल स्थानकात गाडी बदलून 86 व्या रस्त्याच्या स्थानकापर्यंत जावे लागते.

आता ती अट. गुगनहाइममध्ये प्रदर्शन बदलत असताना उताराचा बराचसा भाग बंद ठेवतात, आणि उतार चालता आला नाही तर तिथे जाण्याचे मुख्य कारणच उरत नाही. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर मधले गोल दालन पूर्ण खुले आहे का, हे पाहावे. ते बंद असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर मोमाला जावे आणि बागेपासून सुरुवात करावी.