सर्वांसाठीचे बालोद्यान: बेळगावातील एका बागेचे परीक्षण

बेळगाव शहराच्या दक्षिण भागातील एका जुन्या बागेचे नूतनीकरण करून तिथे दिव्यांग आणि इतर मुलांना एकत्र खेळता यावे अशी साधने बसवण्यात आली आहेत. गेला उन्हाळा आणि त्यानंतरचा पावसाळा, अशा दोन्ही ऋतूंत आमची मुले तिथे खेळली आहेत. थोरली अकरा वर्षांची असून सेरेब्रल पाल्सीमुळे चाकाची खुर्ची वापरते. धाकटा सात वर्षांचा आहे आणि धावल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. या दोघांना एकाच जागी, एकाच वेळी, एकमेकांबरोबर खेळता येते का, एवढ्या एकाच कसोटीवर हे परीक्षण केले आहे. बागेचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे ज्या उणिवा येतील त्या एकट्या या बागेच्या नाहीत.

प्रथम जे उत्तम आहे ते सांगते. दोरांच्या जाळीने विणलेला मोठा गोल झोका ही या बागेतील सर्वांत विचारपूर्वक निवडलेली वस्तू आहे. त्याची कड खुर्चीच्या बैठकीच्या उंचीला येत असल्यामुळे आमच्या मुलीला थोडा आधार दिला की ती स्वतःच सरकून आत जाते, आणि ज्याला पाठ ताठ धरता येत नाही त्या मुलालाही त्यात आडवे होऊन झोके घेता येतात. अकरा वर्षांच्या मुलीला प्रत्येक वेळी उचलून ठेवणे आता मला जमत नाही, त्यामुळे हा फरक किती मोठा आहे हे अशा मुलांच्या पालकांना वेगळे सांगायला नको. त्याहून मोलाची गोष्ट अशी की या झोक्यावर कोणाचीही पाटी नाही. वस्तीतली मराठी आणि कन्नड बोलणारी मुले तिच्या शेजारी येऊन बसतात, ‘अक्का, जरा सरक’ म्हणून जागा मागतात आणि झोका हलेनासा झाला की तक्रारही करतात. आमच्या मुलीला कोणी हक्काने सरकायला सांगावे, हे मला तिच्यासाठी फार हवे होते.

याच्या अगदी उलट अनुभव खुर्चीसह चढवायच्या लोखंडी झोक्याचा आहे. उद्घाटनाच्या छायाचित्रांत तोच सर्वांत पुढे होता. त्याचा पाट जड असल्यामुळे हलता असताना एखादे लहान मूल आडवे आले तर गंभीर इजा होऊ शकते, म्हणून त्याभोवती कुंपण आणि कुंपणाला कुलूप असणे समजण्यासारखे आहे. किल्ली रखवालदारांकडे असते. ‘ताई, सांगा तेवढं, उघडून देतो’ असे म्हणून ते तत्परतेने येतात, त्यांच्याविषयी तक्रार नाही. परंतु परिणाम असा होतो की आमची मुलगी कुंपणाच्या आत एकटी झोके घेते आणि बाकीची मुले बाहेरून तिच्याकडे पाहत राहतात. ज्या मुलांना खुर्चीतून हलवणे शक्यच नसते त्यांच्यासाठी हा झोका आवश्यक आहे, हे मान्य करूनही मी म्हणेन की निधी एकाच साधनापुरता असेल तर गावोगावच्या बागांनी आधी जाळीचा झोका घ्यावा.

जमिनीशी समपातळीत बसवलेले फिरते चक्रही चांगले आहे. खुर्ची सरळ आत जाते, मधल्या दांड्याला धरता येते आणि धाकट्याला बाहेरून ढकलण्याचे काम मिळते. पावसाळ्यात मात्र चक्राच्या कडेच्या फटीत तांबडी माती भरते आणि ते अडकते; ती फट वेळोवेळी साफ करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

उंच मचाण आणि घसरगुंडी यांच्या रचनेत खरी चूक झालेली आहे. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, म्हणजे एक फूट उंची गाठण्यासाठी उतार किमान बारा फूट लांब असावा, हा नियम येथे पहिल्या मचाणापर्यंत पाळलेला दिसतो, दोन्ही बाजूंना कठडेही आहेत. पण घसरगुंडी सुरू होते ती दुसऱ्या मचाणावरून, आणि तिथे जायला फक्त पायऱ्या आहेत. खुर्चीवरचे मूल पहिल्या मचाणावर जाते, तिथले खेळण्याचे स्टिअरिंग फिरवते आणि आल्या वाटेने परत येते. शिवाय कोणी त्याला उचलून वर नेले, तरी घसरून खाली आल्यावर त्याची खुर्ची वरच राहते, आणि घसरगुंडीच्या तोंडाशी वाळू असल्यामुळे खुर्ची तिथे आणताच येत नाही. वाळूत चाके रुततात. घसरगुंडीच्या शेवटापासून पक्क्या वाटेपर्यंत रबरी पृष्ठभागाचा एक पट्टा असता, तर हा प्रश्न निम्मा सुटला असता.

कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले यंत्र) असलेल्या मुलांच्या पालकांनी एक खबरदारी घ्यावी. प्लॅस्टिकच्या घसरगुंडीवरून घसरताना स्थिर वीज निर्माण होते आणि तिच्यामुळे, विशेषतः जुन्या प्रकारच्या प्रोसेसरमध्ये, म्हणजे त्याच्या बाहेरून लावायच्या भागात, बिघाड होण्याची शक्यता असते. म्हणून घसरण्यापूर्वी कानामागचा बाह्य भाग काढून ठेवावा. याची पाटी घसरगुंडीजवळ लावायला हवी होती.

अंध मुलांसाठी बागेच्या नकाशाची ब्रेल पाटी बसवली आहे, हे कौतुकास्पद आहे. आपल्यासारख्या सीमाभागात तर तिचे महत्त्व अधिक, कारण भारतीय भाषांसाठीच्या भारती ब्रेल लिपीत कन्नड आणि मराठीची बहुतेक अक्षरे त्याच ठिपक्यांनी लिहिली जातात. पण ही पाटी फुलझाडांच्या वाफ्यापलीकडे, मोठ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर आहे. जी बोटांनी वाचायची, तिच्यापर्यंत मुलांचा हात पोहोचतच नाही. झोक्यांच्या आवाराआधी पायाला जाणवेल असा वेगळ्या पोताचा पट्टा मात्र आठवणीने घातलेला आहे आणि तो योग्य जागी आहे. आवाज काढणाऱ्या नळ्यांचा फलकही खालच्या उंचीवर असल्यामुळे सर्वच मुले तिथे रमतात.

खेळापर्यंत पोहोचण्याची वाट हा सर्वांत दुबळा भाग आहे. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून मुख्य फाटकावर नागमोडी नळ्या ठोकल्या आहेत आणि त्यांतून खुर्ची जात नाही. बाजूचे रुंद फाटक उघडून घ्यावे लागते. त्या फाटकापासूनची फरशी जूनच्या पहिल्या पावसातच दोन ठिकाणी खचली, आणि जुलैपर्यंत उतारावर शेवाळ धरले. आपल्या पावसाचे मान माहीत असताना पाण्याचा निचरा आणि शेवाळ खरवडण्याची व्यवस्था आराखड्यातच असायला हवी होती. दिव्यांगांसाठीचे स्वच्छतागृह आहे, परंतु मी पाहिले तेव्हा त्यात झाडू आणि खताची पोती ठेवलेली होती.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ मध्ये झाला. भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्कविषयक करारातील तिसाव्या कलमात दिव्यांग मुलांना खेळात इतर मुलांच्या बरोबरीने सहभागी होता यावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यामुळे अशी बाग म्हणजे कोणाची मेहेरबानी नव्हे. आपल्याच राज्यात, बेंगळुरूमध्ये, दिव्यांग मुलांच्या पालकांनी उभ्या केलेल्या ‘किलिकिली’ या संस्थेने कोल्स पार्कसारख्या सार्वजनिक बागांत सर्व मुलांनी एकत्र खेळावे यासाठी काम केले आहे. आराखडा कागदावर असतानाच पालकांना आणि मुलांना विचारले गेले असते, तर वाळू, पायऱ्या आणि ब्रेल पाटी या तिन्ही चुका तिथेच लक्षात आल्या असत्या, असे मला ठामपणे वाटते.

इतके असूनही ही बाग मी सुचवेन. खानापूर किंवा निपाणीकडून मुद्दाम येणार असाल तर पावसाळा संपल्यावर या. एप्रिल-मेमध्ये रबरी पृष्ठभाग दुपारी फार तापतो, तेव्हा पाच वाजल्यानंतरची वेळ बरी. गर्दीचा आणि आवाजाचा त्रास होणाऱ्या स्वमग्न मुलांना रविवार टाळून सकाळी आणावे. नळ्यांच्या फलकामागे झाडाखाली एक अर्धबंद कोपरा आहे, तिथे मूल शांत होते. बागेला चारही बाजूंनी कुंपण असल्यामुळे धावत सुटणाऱ्या मुलांची चिंता कमी होते, फक्त बाजूचे फाटक आपण आत आल्यावर पुन्हा लावून घ्या. त्या फाटकासाठी रखवालदारांना आधी हाक मारावी लागते; ते बहुधा पाण्याच्या टाकीजवळ असतात.