मेन्स्ट्रुअल कप, वय ४६ आणि चार दिवसांआड येणारं पाणी

मेन्स्ट्रुअल कप, म्हणजे पाळीत योनीमार्गात घालून रक्त साठवायचा सिलिकॉनचा मऊ छोटा कप, सात महिने वापरून मग लिहितेय. कप वापरणाऱ्या मुलींचे रिव्ह्यू भरपूर सापडतात, पण त्या विशीतल्या-तिशीतल्या, ट्रेकला जाणाऱ्या, पोहणाऱ्या. माझं वय ४६, दोन नॉर्मल बाळंतपणं झालेली, पाळी जायची वेळ आलीय आणि जाता जाता ती एवढं रक्त घेऊन जातेय की काही विचारू नका. अशा बाईनं कप घ्यावा का, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, म्हणून हे सगळं.

आधी काय चाललं होतं ते सांगते. गेली दोन वर्षं पाळीचा नेमच राहिला नाही, कधी बावीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की दुसरा-तिसरा दिवस नळ सोडल्यासारखा. सगळ्यात मोठा पॅड दीड तासात भरायचा. लिंबाएवढ्या गाठी पडायच्या. मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, तर खुर्चीवर टेरी टॉवेलची चौपदरी घडी घालून बसायची, आणि उठताना आधी मागे हात लावून बघायचा, ही सवयच लागून गेली होती. आमच्या ऑफिसात चाळिशीच्या पुढच्या आणखी दोघी जणी तसंच टॉवेल घालून बसतात हे मला नंतर कळलं. तिघींनी वर्षभर एकमेकींना एका शब्दानं सांगितलं नव्हतं!

मुलीच्या ॲडमिशनसाठी सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला निघालो होतो. घरून निघताना नवा पॅड, त्यावर दुसरा पॅड, आणि कुर्डुवाडी यायच्या आत मला खालून गरम लागलं. उठायची हिंमत होईना. शेजारी अनोळखी माणूस, समोर मुलगी. शेवटी मुलीच्या लक्षात आलं, तिनं तिची ओढणी काढून माझ्या कमरेला बांधली आणि माझ्या मागे अगदी चिकटून चालत मला टॉयलेटपर्यंत नेलं. सीटवर टॉवेल होता म्हणून सीट वाचली. पुण्यात पोचेपर्यंत मी त्या ओल्या सलवारवर बसून होते, आणि त्याच आठवड्यात मुलीनं मोबाईलवरून कप मागवला. साडेतीनशे रुपये. सोलापुरात मी नवी पेठेत आणि सात रस्त्याला मिळून तीन मेडिकलमध्ये विचारलं, दोघांकडे नव्हता आणि तिसऱ्याकडे फक्त छोटी साईज. बाळंतपण झालेलीला किंवा तिशीच्या पुढच्या बाईला साधारण मोठी साईज घ्यावी लागते, त्यामुळे ऑनलाईनच बरं. बघायचं एवढंच की मेडिकल ग्रेड सिलिकॉन असलं पाहिजे, आणि आतून मिलीच्या रेघा असल्या पाहिजेत. हे रेघांचं मी मुद्दाम सांगतेय, का ते पुढे येईल.

पहिले तीन दिवस वाईट गेले हे खरं सांगते. बाथरूममध्ये घामाघूम, कप आत जाईना, गेला तर उघडेना, आणि सासूबाई बाहेरून, "काय करलालीस गं आत इतका वेळ?" सी आकाराची घडी मला जमलीच नाही. कडेचा एक भाग बोटानं आत दाबून टोकदार करायचं, ती घडी जमली. उकिडवं बसायचं, श्वास सोडायचा आणि समोर न घालता माकडहाडाच्या दिशेनं तिरका घालायचा. आत गेल्यावर बुडाशी बोट गोल फिरवून बघायचं, खळगा लागला तर उघडलेला नाही. खालचा दांडा मला टोचायचा म्हणून मी तो नेलकटरनं थोडा थोडा कापत आणला. काढताना नुसता ओढायचा नाही, हे कृपा करून लक्षात ठेवा. बूड चिमटीत दाबून आधी हवा सोडवायची आणि मगच हळू खाली आणायचा. ज्यांना अंग बाहेर येण्याचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कप घेऊच नये. कॉपर-टी असेल तरी विचारायचं, कारण काढताना तिचा दोरा ओढला जाऊन ती सरकू शकते.

आता पाण्याचं. आमच्याकडे नळाला पाणी चार दिवसांआड येतं, ते ही पहाटे, आणि मुली व्हिडिओत सांगतात की बेसिनमध्ये नळाखाली धुवा. कारखान्यातल्या संडासात बेसिन बाहेर आहे, आत फक्त एक बादली, ती सुद्धा कधी रिकामी. मी अर्ध्या लिटरची बाटली पर्समध्ये ठेवते. आत जायच्या आधी हात साबणानं स्वच्छ धुवायचे, आत कप काढायचा, ओतायचा, बाटलीतल्या पाण्यानं दोनदा खंगाळायचा, परत घालायचा. ग्लासभर पाण्यात भागतं. उलट पॅड बदलताना मला जास्त पाणी लागायचं, कारण मांड्यांपर्यंत सगळं धुवावं लागायचं. पाळी संपली की एका वेगळ्या स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटं उकळायचा, कप तळाला चिकटू द्यायचा नाही, आणि कापडी पिशवीत ठेवायचा, प्लास्टिकच्या बंद डबीत नाही. त्या पातेल्यावरून घरात दोन दिवस बोलणी झाली, मग मी त्याला लाल दोरा बांधून माळ्यावर ठेवलं, विषय संपला.

गळतं का? हो, माझ्याकडून दुसऱ्या दिवशी गळायचं. कप बारा तास ठेवता येतो असं पाकिटावर लिहिलेलं असतं, पण ते साध्या पाळीचं झालं, जास्त जाणाऱ्या बाईनं त्या आकड्यावर अजिबात विसंबू नये. माझा दुसऱ्या दिवशी जोर असेल तेव्हा अडीच-तीन तासांत काठोकाठ भरतो. मोठी गाठ आली तर कडेनं निसटते. म्हणून त्या दोन दिवसांत मी खाली पिरियड पँटी घालते, ती वेगळी पाचशेची घेतली, जाड थरांची आहे, एकटी ती मला एक तास सुद्धा पुरणार नाही पण कपाखाली उत्तम. रात्री पूर्वी दर दीड-दोन तासांनी उठायचे, गादीवर रबरी शीट, वर जुनी चादर, आणि तरी ती चादर सकाळी थंड पाण्यात भिजत असायची. आता एकदा उठते. एवढ्या एका गोष्टीसाठी सुद्धा मी कपाला पैकीच्या पैकी मार्क देईन.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रेघांचा. कप यायच्या आधी मी एका डॉक्टरांकडे गेले होते. "जास्त जातंय" म्हटलं तर ते म्हणाले ह्या वयात होतंच, सगळ्याच बायका म्हणतात जास्त जातंय. दुसरीकडे गेले तर पाच मिनिटांत, तपासणी सुद्धा नीट न करता, पिशवी काढून टाका, दोन मुलं झालीत ना, मग ठेवून काय करायचीय. मी घाबरून परत आले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं केवढं गाजलं होतं २०१९ मध्ये, सरकारला समिती नेमावी लागली होती, आणि आपला जिल्हा पण साखरेचाच, तोडीला येणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघितल्यात, चाळिशी यायच्या आत पिशवी गेलेल्या, कंबर धरून चालणाऱ्या. पिशवी काढली की पाळी बंद होतेच, पण तिच्याबरोबर अंडाशयं पण काढली तर अंगातून गरम वाफा एकदम सुरू होतात, हाडं लवकर ठिसूळ होतात. हे पाच मिनिटांत ठरवायचं काम आहे का?

तर कप आल्यावर पहिल्या महिन्यात ओतायच्या आधी मी सहज आत बघितलं. वीसची रेघ बुडालेली होती. मग प्रत्येक वेळी बघायला लागले आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेन्सिलनं बारीक लिहायला लागले, दुधाच्या हिशोबाशेजारी. पहिला दिवस ४०, दुसरा ११०, तिसरा ७५, मग ३०, १५, १०. बेरीज २८० मिली. मी रोज आकड्यातच काम करते, पण ही बेरीज बघून मी तिथंच ओट्याला टेकले. पाव लिटरच्या वर! हे चारचौघींसारखं नाही हे पहिल्यांदा माझं मलाच पटलं, कारण तोपर्यंत कुठंतरी मला पण वाटायचं की मीच नाजूक आहे, बाकीच्या करतातच की सहन.

ते कॅलेंडरचं पान फाडून मी तिसऱ्या डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेले. त्यांनी पान हातात घेऊन नीट वाचलं. म्हणाल्या, कपातलं सगळंच रक्त नसतं, साधारण निम्मा बाकीचा स्राव असतो, तरी १४० मिलीच्या आसपास रक्त झालं, आणि एका पाळीत ८० मिलीच्या वर गेलं तर आम्ही ते जास्त धरतो, बहुतेकींचं ३०-४० असतं. मग हे पण म्हणाल्या की आकडा नसता तरी तुमचं रोजचं जगणं अडतंय एवढं कारण मला पुरलं असतं. हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं.

मग रीतसर तपासण्या झाल्या. हिमोग्लोबिन ८.१ निघालं, बाईचं बाराच्या वर पाहिजे. जिना चढताना धाप लागायची, छातीत धडधडायचं, ते मी वयावर ढकलत होते. थायरॉईड नॉर्मल. सोनोग्राफीत एक छोटी फायब्रॉईडची गाठ आणि आतलं अस्तर जाड. पंचेचाळीसच्या पुढे एवढं जात असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा म्हणून बायोप्सी केली, रिपोर्ट चांगला आला. मॅडमनी समजावून सांगितलं की या वयात दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होत नाही, मग अस्तर नुसतं वाढत राहतं आणि पडतं तेव्हा ढिगानं पडतं. चाळीस मिनिटं बसवलं त्यांनी मला. पाळीच्या दिवसांपुरत्या, रक्त कमी जावं म्हणून ट्रॅनेक्सॅमिक ॲसिडच्या गोळ्या दिल्या (ज्यांना रक्ताची गुठळी झाल्याचा त्रास आहे त्यांना त्या चालत नाहीत, मेडिकलमधून आपल्या मनानं आणून खाऊ नका), लोहाच्या गोळ्या दिल्या, त्या लिंबूपाण्याबरोबर घ्यायच्या, चहाबरोबर नाही. एवढ्यानं भागलं नाही तर कॉपर-टीसारखीच, पण तांब्याऐवजी हार्मोन सोडणारी टी बसवता येते, तिनं अस्तर पातळ राहतं, आणि पिशवीचं ऑपरेशन सगळ्यात शेवटी.

गोळ्या सुरू केल्यापासून मी माप लिहितेच आहे. २८० चं २१०, मग १६५, मागच्या महिन्यात १४०. हिमोग्लोबिन १०.९. गोळी लागू पडतेय हे मला ब्लड रिपोर्ट यायच्या आधी कपात दिसलं.

कपानं काय होत नाही ते पण सांगते, नाहीतर कुणीतरी भलत्याच अपेक्षेनं घेईल. वाफा कमी होत नाहीत. सोलापूरच्या मे महिन्यात ४३-४४ डिग्रीला घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे माझ्या वाफा घरात कुणाला कळल्याच नाहीत, मला पण नाही. मॅडमनी विचारलं की छातीतून वर तोंडापर्यंत एकदम चढतं का, दोन-चार मिनिटांत ओसरून मग थंडी वाजते का, तेव्हा आठवलं की हो, डिसेंबरात पहाटे पण होतं, गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या गर्दीत अक्षतांच्या वेळी जानेवारीच्या हवेत मी स्वेटर काढून उभी होते. चिडचिड, विसरणं, सांधे आखडणं, हे सगळं कपाच्या हद्दीबाहेरचं, त्याला डॉक्टरच लागतात. पोटातल्या कळा पण कपानं कमी होत नाहीत, उलट दुसऱ्या दिवशी तो भरून जड झाला की ओढल्यासारखं होतं. आणि मन तयार नसेल, आत बोट घालायची किळस वाटत असेल, तर पँटी आणि मोठे पॅड वापरा, त्यात कमीपणा काहीच नाही, फक्त पॅड किती लागले ते लिहून ठेवा, दर किती वेळानं बदलला आणि गाठी केवढ्या पडल्या ते पण. मॅडमना तेवढ्यावरून सुद्धा पुष्कळ कळतं.

पैशाचं बोलायचं तर पूर्वी पॅडवर महिन्याला चारशेच्या खाली जात नव्हतं, म्हणजे कप पहिल्याच महिन्यात फिटला. सात महिन्यांत पिवळट पडलाय, वास नाही, चीर नाही. चीर दिसली किंवा चिकट लागायला लागला तर टाकून नवा घ्यायचा.

ऑफिसातल्या त्या दोघींना मी जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, भाकरी आणि शेंगाचटणी खाता खाता. एकीनं घेतला, तिला घडी जमत नाहीये अजून, रोज दुपारी मला विचारते. दुसरीला कप नको वाटला. तिला मी फक्त एक छोटी वही आणून दिलीय.