साडेचार हजारांची ओ-रिंग: पाण्याखालच्या स्कूटरचा वापरानंतरचा अनुभव

"सर, ओ-रिंग सुटी येत नाही. पूर्ण कव्हर असेंब्ली घ्यावी लागेल." सर्व्हिस सेंटरचं हे उत्तर आलं आणि त्याच रात्री लिहायला बसलो. असेंब्लीचे साडेचार हजार, कुरिअर वेगळं. बदलायचंय काय, तर बॅटरीच्या झाकणातलं बांगडीएवढं एक रबरी कडं. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण भांडण अजून मिटलेलं नाही.

वेग किती, चार्जिंग किती पुरतं, वजन किती हे सगळं तुम्ही व्हिडिओत बघितलेलं असणार. हातात धरली की पंख्याच्या जोरावर पाण्यात आपल्याला ओढत नेणारी ही स्कूटर झकास चालते, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पाण्याबाहेरच्या महिन्यांची आहे. मी छत्रपती संभाजीनगरला राहतो. मालवण-तारकर्ली म्हणजे रात्रभराचा प्रवास, आणि मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत तिथलं सगळं पावसामुळं बंदच असतं. म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ ही बया माझ्या घरात, वरच्या मजल्यावर, थेट तापलेल्या स्लॅबखाली पडून असते. मॅन्युअलमध्ये 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' एवढ्या एका ओळीत विषय संपवलाय. लिहिणाऱ्याला म्हणावं, मे महिन्यात ये एकदा आमच्याकडं.

आता ओ-रिंग. मी वाळूजला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे, हायड्रॉलिक सिलिंडर खोलायचे, सील बदलायचे, हाच धंदा. त्यामुळं दीर्घ विश्रांतीनंतर बॅटरी टाकून थेट समुद्रात उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबरात बाहेर काढली, बॅटरीच्या जागी कोरडा टिश्यू पेपर ठेवला, झाकण लावलं आणि पिंपात बुडवली. बॅटरीविना तरंगायला लागली म्हणून वर वरवंटा ठेवला. ("अरे, वाटणाचा वरवंटा हाय तो, कामून बुडवायलास?" हे आईचं, पिंपाशेजारी उभं राहून.) अर्ध्या तासानं काढून बघितलं तर टिश्यूचा एक कोपरा ओला.

रिंग काढून बोटावर फिरवली. दोर गोल हवा, तो वरून-खालून चपटा झालेला, कडेला धार आल्यासारखी. आमच्याकडं याला कॉम्प्रेशन सेट म्हणतात. रबर दाबून ठेवलं की त्याची परत उसळून यायची ताकद हळूहळू जाते, आणि उष्णतेत ती फार लवकर जाते. ओ-रिंग पाणी अडवते ती या उसळीच्याच जोरावर. मॅन्युअल म्हणतं, 'साठवताना झाकण घट्ट बंद ठेवा.' म्हणजे त्यांच्याच सांगण्यानुसार ती रिंग सगळा मे महिना आणि पुढचा पावसाळा आवळलेल्या अवस्थेत बसली होती.

लोक म्हणतात तीस मीटर खोल जायचं म्हणजे केवढा दाब! अहो, दर दहा मीटरला साधारण एक बार वाढतो. तीस मीटरला तीन बार. आमच्या प्रेसवर दीडशे बारला हीच ओ-रिंग वर्षानुवर्षं चालते. उलट चपट्या रिंगा दगा देतात त्या उथळ पाण्यातच. खोलवर पाणी स्वतःच तिला खाचेत दाबून बसवतं. वरच्या दोन-चार फुटांत तिला आपल्या उसळीवरच पाणी अडवावं लागतं, आणि ती तर संपलेली. म्हणून पिंपातल्या परीक्षेला हसू नका.

सर्व्हिस सेंटरचं पहिलं उत्तर तर याहून भारी होतं. 'पाणी आत गेल्याने झालेले नुकसान वॉरंटीत बसत नाही.' पाण्याखालच्या स्कूटरला! नुकसान झालेलं नाही, फक्त रिंग द्या, असं तीनदा समजावलं तेव्हा कव्हर असेंब्लीचं कोटेशन आलं. वर सूचना, की तपासणीसाठी मशीन बॅटरीसकट पाठवा. इथल्या कुरिअरवाल्यानं लिथियम बॅटरी म्हटल्याबरोबर खोकं काउंटरवरून माझ्याकडं सरकवलं.

मग वाळूजच्याच एका ऑइल सीलच्या दुकानात गेलो. "भाऊ, सॅम्पल आणलंय का?" सॅम्पल होतं, पण चपटं झालेलं सॅम्पल देऊन माप घेतलं की चुकीचीच रिंग हातात येते. म्हणून झाकणावरच्या खाचेचं माप मी व्हर्नियरनं घेऊन नेलं होतं. नायट्राइल रबर, कडकपणा सत्तर शोअर. तीस रुपये. दोन घेतल्या. पिंपात पुन्हा तीच परीक्षा, वरवंट्यासकट. टिश्यू खडखडीत कोरडा.

ग्रीसचं थोडक्यात. सिलिकॉन ग्रीस, तेही रिंगेला फक्त चकाकी येईल इतकंच. लोण्यासारखं थापलं की त्यात धूळ आणि केस अडकतात, आणि एक केस आडवा आला तरी पाण्याला वाट मिळते. घरातलं व्हॅसलीन नको. रबर कुठलं आहे हे माहीत नसताना पेट्रोलियम जेली लावली तर काही रबरं फुगतात.

धुण्याबद्दल सविस्तर सांगतो, कारण खरी कटकट तिथं आहे. खारं पाणी वाळलं की मिठाचे खडे धरतात, आणि ते शाफ्ट सीलच्या, म्हणजे पंख्याच्या दांड्याभोवती बसून बेअरिंगमध्ये पाणी जाऊ न देणाऱ्या रबराच्या, ओठाखाली गेले की सील कातरतात. म्हणून वाळायच्या आत गोड्या पाण्यात. एकदा तिकडं लॉजवरच, दुसऱ्यांदा घरी, तास-दोन तास बुडवून. बुडलेली असतानाच मोटर काही सेकंद चालवायची, बोटं लांब ठेवून. कोरडी फिरवायची नाही. आता बादलीभर पाणी बोलायला सोपं. आमच्याकडं नळ रोज येत नाही. २०१६ साली ज्या मराठवाड्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं मी यंत्राला आंघोळ घालतोय हे बघून शेजारचे काका जे बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. शिवाय ते पाणी खारट, कुंड्यांनाही चालत नाही. संडासात ओततो. बोअरचं पाणी वापरू नका; आपल्याकडचं बोअर जड, वाळलं की पांढरा थर. तोट्यांवर जो बसतो तोच ओ-रिंगच्या खाचेत बसणार. शेवटचा हात मी जारच्या पाण्याचा देतो.

मोटरची जाळी काढून टॉर्च मारून बघा. यातली मोटर उघडी असते, पाणी तिच्यातून खेळतं. तारा रेझिनमध्ये बंद असल्या तरी चुंबकं उघडीच. माझ्या चुंबकांना काळा बारीक चुरा चिकटून उभा राहिला होता. कोकणच्या वाळूत लोहयुक्त काळे कण असतात, ते धुऊन जात नाहीत, कारण चुंबक सोडत नाही. टूथपिकला चिकटपट्टी उलटी गुंडाळून एकेक ठिकाण टिपावं लागतं. आणि आपण काही सुटलेलो नाही. लहानपणी दोऱ्याला चुंबक बांधून गावच्या धुळीतून ओढला की जो काळा चुरा जमायचा, तो हाच प्रकार. तेव्हा शेतात स्कूटर मातीवर ठेवायची नाही, खाली गोणपाट हवं.

बॅटरीवरून आमच्या घरात दोन तट आहेत. वडिलांचं मत, बॅटरी कायम फुल पाहिजे. इन्व्हर्टरला ते बरोबर आहे. लेड-ॲसिड उतरलेली ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. लिथियमचं तसं नाही. पूर्ण भरून तापत ठेवली की तिची क्षमता कायमची घटते. पूर्ण उतरवून ठेवली तर आतलं सर्किट थोडी थोडी वीज खात राहतं आणि एक दिवस पॅक चार्जच घेत नाही. म्हणून निम्मी. चार दिव्यांपैकी दोन, असं मॅन्युअल म्हणतं, पण दोन दिवे म्हणजे नक्की किती हे कुणालाच कळत नाही. माझ्या पॅकमध्ये सहा सेल सिरीजमध्ये आहेत. पूर्ण भरल्यावर २५.२ व्होल्ट, साठवणीला मी मल्टीमीटरवर २३ च्या आसपास बघतो. दोन महिन्यांनी पुन्हा मोजतो. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्लाही मिळाला होता. फ्रीजमधून बाहेर काढली की पावसाळी हवेत अंगावर दव धरतं, ते टर्मिनलवर कशाला?

मला जागा सापडली ती गेवराई तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात. माळवदाचं घर, पांढऱ्या मातीच्या दीड-दोन हात जाड भिंती. भर दुपारी शहरातल्या माझ्या खोलीत थर्मामीटर ३९ दाखवत होता, तेव्हा माळवदाखाली ३१. बॅटरी पत्र्याच्या डब्यात घालून दगडी देवळीत ठेवतो. कापूस आणि कडबा ज्या खोलीत असतो तिथं मात्र नाही. लिथियम पेटली तर विझवायला अवघड असते. मार्चमध्ये नेऊन ठेवायची, पाऊस पडला की आणायची. चुलते विचारतात, "एवढं काय जपायलास?" किंमत अजून सांगितलेली नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात सर्व्हिस सेंटरमधून एका टेक्निशियनचा फोन आला. एक तारा द्यायचा असं ठरवून बसलो होतो, पण हा माणूस कामाचा निघाला. म्हणाला, मूळ रिंग सिलिकॉन रबराची आहे, आणि सिलिकॉन रबराला सिलिकॉन ग्रीस लावलं की ती फुगते, तुम्ही नायट्राइल टाकली ते बरं केलं. ठेवताना झाकण नुसतं टेकवून ठेवा, लॅच लावू नका, रिंग काढून पिशवीत ठेवलीत तर उत्तम. म्हटलं, मग मॅन्युअलमध्ये हे उलटं कामून छापलंय? त्यावर तो नुसता हसला. तर आता दोन तारे. अर्धा त्या टेक्निशियनचा, बाकीचे मशीनचे. असेंब्लीच्या कोटेशनला शून्यच.

ओ-रिंग आता मिटली, पुढचं दुखणं शाफ्ट सीलचं आहे. दिवाळीत पुतण्यानं गावच्या विहिरीत स्कूटर चालवायचा हट्ट धरला. "काका, एकच चक्कर!" पाणी गोडं, त्यामुळं मिठाची भीती नव्हती, आणि मजाही भरपूर आली. पण कुणीतरी सोडलेला मासे धरायचा तंगूस पंख्यामागं गुंडाळला गेला. पंखा काढून नखानं आणि ब्लेडच्या टोकानं तो सोडवला, तेव्हा सीलच्या ओठावर बारीक चीर दिसली. अजून गळत नाही. हे सील खोलल्याशिवाय मोजता येत नाही आणि खोललं की ते जातंच. ज्यांनी याच बनावटीचं मशीन उघडलंय त्यांनी शाफ्टचा व्यास, सीलचा बाहेरचा व्यास आणि जाडी एवढं कळवा. दुकानदारानं सांगितलंय, माप आणा, साठ रुपयांत देतो. सर्व्हिस सेंटरला मी विचारलेलं नाही. ते मोटर असेंब्लीच घ्या म्हणतील.