हीट पंप गिझर, अकरा महिन्यांनी: मशीन उत्तम, नळी भिकार

हवेतली उष्णता उचलून पाणी तापवणारं मशीन: 200 लिटरची टाकी, डोक्यावर कॉम्प्रेसर, आत मदतीला साध्या गिझरसारखा 2000 वॉटचा विजेचा रॉड. बाकीचे आकडे माहितीपत्रकात आहेत, ते इथे उगाळत नाही. लिहायचं आहे ते एका नळीबद्दल: मशीनच्या थंड कॉइलवर जमलेलं पाणी खालच्या तबकातून बाहेर नेणाऱ्या. ती बोटाएवढी जाड आणि दीड मीटर लांब असते, खोक्यात फुकट येते आणि तीच सगळ्यात जास्त छळते.

अकराव्या महिन्यात मशीन बंद पडलं. पंखा फिरतोय, कॉम्प्रेसर थोडा वेळ चालून थांबतोय, पडद्यावर कमी दाबाची सूचना आणि टाकीखाली पाण्याचं थारोळं. सर्व्हिसवाल्याने झाकण न उघडताच सांगितलं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." गॅस वापराने संपत नाही. सर्किट सीलबंद असतं, गॅस जातो तो गळतीनेच. गळती कुठे आहे ते न दाखवता गॅस भरणं म्हणजे फुटक्या बादलीत पाणी ओतणं. त्यावर बरीच हुज्जत झाली, शेवटी हवेचा फिल्टर काढला. जाळी धूळ आणि कपड्यांच्या तंतूंनी गच्च भरलेली. हवा पुरेशी खेचली जात नाही, मग हवेतली उष्णता घेणारी कॉइल शून्याखाली जाते, बर्फ धरतो, दाब उतरतो आणि मशीन स्वतःला वाचवायला थांबतं. नंतर तो बर्फ एकदम वितळतो, नळी तुंबलेली असते, म्हणून थारोळं. जाळी साध्या पाण्याने धुवून, वाळवून बसवायची, महिन्यातून एकदा. गॅस एक ग्रॅमही भरावा लागला नाही.

आता नळी. खोक्यातली नळी लवचीक आणि वळ्यावळ्यांची असते. दोन आधारांच्या मधे ती झोळीसारखी लोंबते, त्या झोळीत पाणी साचून राहतं, धूळ बसते आणि काही महिन्यांत आतून बुळबुळीत शेवाळी थर चढतो. मग तबक भरतं आणि पाणी टाकीच्या पत्र्यावरून ओघळतं. पत्रा गंजायला सुरुवात होते ती तिथूनच. उपाय असा: 25 मिमीचा कडक पीव्हीसी पाइप, दर मीटरला निदान 1 सेंमी उतार, दर 60 सेंमीवर क्लॅम्प. तबकापासून पहिल्या वळणावर एल्बोऐवजी टी (तीन तोंडांचा जोड) बसवायची आणि तिच्या मोकळ्या तोंडाला झाकण, म्हणजे साफ करायला वाट राहते. पाइपचं टोक मोरीच्या जाळीच्या वर दोन बोटं उघडं सोडायचं. सांडपाण्याच्या लाइनला थेट जोडलं की पंखा तिकडची दुर्गंधी ओढून घेतो. तीन महिन्यांनी अर्धा कप व्हिनेगर ओतायचं, अर्ध्या तासाने साधं पाणी. ब्लीच नको, कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पात्या खराब होतात.

एक चूक प्लंबर हमखास करतात. टाकीतला जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड याच नळीला जोडून टाकतात, "एकच पाइप, काम साफ." 200 लिटर पाणी 25 वरून 55 अंशांवर गेलं की दोनेक लिटरने फुगतं. पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल आणि फुगलेल्या पाण्याला दुसरी जागा नसेल, तर ते सेफ्टी व्हॉल्व्हमधून येतं, तेही कधी कधी कढत. नळी तुंबलेली असेल तर ते उलटं तबकात चढतं. दोन पाइप वेगळेच हवेत. सेफ्टीचा उष्णता सोसणारा, वाटेत कुठेही कॉक नसलेला.

सुरुवातीला "पाणी टपकतं" हा दोष म्हणून लिहायचा होता. ते मत मागे घेतो. थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते, आणि वाफेपासून 1 लिटर पाणी जमताना सुमारे 0.68 युनिट उष्णता सुटते. ती थेट टाकीत जाते. 200 लिटर पाणी 30 अंशांनी तापवायला 7 युनिट लागतात. साधा गिझर ती सगळी मीटरवर घेतो. हा एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता देत असेल तर वीज साधारण 2.3 युनिट, उरलेली 4.7 हवेतून. दमट दिवशी 3 लिटर टपकलं तर त्यातली 2 युनिट नुसत्या थेंबांनी दिली. म्हणजे टपकणं ही कमाई आहे. दोष फक्त नळीचा.

आणि तो थेंब फुकटचा मीटरही आहे. दमट हवेत टपकणं थांबलं आणि पाणी मात्र गरम मिळतंय, तर दोनच शक्यता: नळी तुंबली, किंवा कॉम्प्रेसर गप्प बसून रॉड एकटा राबतोय. सब-मीटरवर (फक्त या मशीनची वीज मोजणाऱ्या) 500-600 वॉट दिसले तर कॉम्प्रेसर, 2000 च्या आसपास दिसले तर रॉड. (कोरड्या हवेत थेंब नसणं साहजिक आहे, तेव्हा मीटरच बघा.) कारखान्यातून मशीन 'मिश्र' मोडवर येतं. जरा जास्त पाणी काढलं की ते गुपचूप रॉड लावतं आणि बचत तिथेच गळते. 'इको'वर (फक्त कॉम्प्रेसर) टाका, टाकी तापायला चार-साडेचार तास लागतात एवढं धरून वेळ लावा. आठवड्यातून एकदा मात्र 60 अंशांपर्यंत जाऊ द्या. कोमट टाकीत लेजिओनेला जंतू वाढतात, तिथे काटकसर नको.

आवाज जुन्या फ्रिजपेक्षा जास्त; पायाखाली रबरी पॅड, निजायच्या खोलीच्या भिंतीला चिकटवू नका. जागा निदान 20 घनमीटर, नाहीतर हवा खेळू देणारं झडपांचं दार. कोंदट कपाटात ते आपलीच थंड हवा पुन्हा ओढत बसतं.

गरम पाण्याच्या पाइपला 13 मिमी जाडीचं नायट्राइल फोम लावणं, हे मशीन बसवायच्या दिवशीच उरकावं. आतून 15 मिमीचा, 12 मीटर लांब पाइप म्हणजे दोन लिटरहून जास्त पाणी, दर वेळी नळ बंद केल्यावर आत थंड होत बसणारं. फोमच्या फटी चिकटपट्टीने बंद करा, कोपऱ्यांवर 45 अंशांत कापा. ॲनोड रॉड (टाकीऐवजी स्वतः गंजून तिला वाचवणारा) वर्षातून एकदा उघडून बघा, पाणी जड असेल तर आधीच. तो काढायला टाकीच्या वर हात जाईल इतकी जागा सोडलेली हवी, हे बसवतानाच.

खोक्यातली नळी फेकू नका. मोजायच्या दिवशी कडक पाइपऐवजी ती तबकाच्या तोंडाला अडकवा, खाली बाटली ठेवा, दिवसाचे थेंब मोजायला बरी आहे.