२४ पटींचा स्कोप, पण रिंग १६ वरच: काही महिन्यांच्या स्पर्धांनंतर

स्कोप घ्यायला गेलेला माणूस आधी त्यातून लांबची पाटी वाचून बघतो. अक्षरं स्वच्छ दिसली की निम्मा निर्णय तिथेच होतो. पण काही महिने स्पर्धेत वापरल्यावर माझं मत पक्कं झालंय की स्पर्धेचा स्कोप हे आधी मोजमापाचं यंत्र आहे आणि मग दुर्बीण. त्यामुळे या अनुभवात काचेबद्दल कमी आणि नॉब, स्क्रू, क्लिक यांच्याबद्दल जास्त वाचायला मिळेल.

माझा स्कोप ६-२४×५०, म्हणजे ६ ते २४ पटी आणि पुढची काच (ऑब्जेक्टिव्ह) ५० मिलिमीटरची. नळी ३० मिलिमीटरची, रेटिकल (आत दिसणाऱ्या नेमाच्या रेघा) फर्स्ट फोकल प्लेनमध्ये, म्हणजे पटींबरोबर लहान-मोठं होणारं, टरेट (नेम वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवणारे नॉब) ०.१ मिलचे (मिल हे कोनाचं माप, १०० मीटरवर १० सेंटिमीटर), झिरो स्टॉप (टरेटला शून्यावर अडवणारा अडसर) आहे, पॅरॅलॅक्सचा (त्याबद्दल पुढे) नॉब डाव्या बाजूला आणि तो १० मीटरपासून पुढे चालतो. रायफलवर बसवायच्या रिंगा सोडून वजन ८०० ग्रॅमच्या वर. रायफल .२२ रिमफायर (लहान काडतुसाची), बोल्ट अ‍ॅक्शन. ५० मीटरवर टेबलावरून कागदी टार्गेट आणि २०० मीटरपर्यंत वेगवेगळ्या अंतरांवर ठेवलेल्या लोखंडी प्लेट्स, असे दोन्ही प्रकार मी खेळतो. कंपनीचं नाव देत नाही, कारण या मापाचे स्कोप अनेक जण बनवतात आणि पुढचं बहुतेक सगळं त्या सगळ्यांना लागू पडेल.

नव्याने येणाऱ्यांनी खरेदीआधी नियमपुस्तिका उघडावी. ऑलिम्पिकमधल्या १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये स्कोप चालतच नाही, तिथे डायॉप्टर साइट (बारीक छिद्रातून नेम धरायची) लागते. बेंचरेस्टच्या (टेबलावर रायफल टेकवून खेळायच्या प्रकाराच्या) हंटर वर्गात ६ पटींची मर्यादा आहे. एफ-क्लासमध्ये (आडवं पडून, रायफल टेकवून लांबचं टार्गेट मारायचा प्रकार) रायफलचं वजन स्कोप आणि बायपॉड (पुढचा दुपायी टेकू) धरून मोजतात: एफ-टीआरला ८.२५ किलो, एफ-ओपनला १० किलो. अशा ठिकाणी स्कोपचे दोन-तीनशे ग्रॅमही हिशेबात येतात. आपला वर्ग ठरला नसेल तर स्कोप ठरवायची घाई नको.

आता मॅग्निफिकेशन, कारण सगळे पहिला प्रश्न तोच विचारतात. सकाळी हवा शांत असताना ५० मीटरवर २४ पटींत .२२ ची भोकं इतकी स्पष्ट दिसतात की वेगळा स्पॉटिंग स्कोप लावावा लागत नाही. उन्हं वर आली, जमीन तापली की तेच टार्गेट पाण्याखाली असल्यासारखं डोलायला लागतं. शिवाय २४ पटींत स्वतःच्या नाडीचा ठोकाही रेटिकलवर दिसतो. तो १६ पटींतही असतोच, फक्त नजरेत भरत नाही. नजरेत भरला की आपण ‘आत्ता मारू’ म्हणून ट्रिगर झटकतो आणि गोळी बाहेर जाते. ऑब्जेक्टिव्हचा व्यास भागिले पटी केलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. माझ्या स्कोपला ती २४ वर जेमतेम २ मिलिमीटर, १६ वर ३ मिलिमीटरच्या थोडी वर. दोन मिलिमीटरच्या झोतात गाल जरा हलला की कडेला काळी सावली येते. टेबलावर हे सांभाळता येतं. अडथळ्याला टेकून, गुडघ्यावर, वेळ संपत आलेला असताना नाही येत. म्हणून कागदावर १६, प्लेट्सवर १० ते १२, आणि २४ फक्त झिरो करताना (नेम आणि गोळी एका जागी जुळवताना), भोकं बघताना आणि पॅरॅलॅक्स लावताना. माझ्या स्कोपला २२ च्या पुढे चित्र थोडं मंदावतं आणि पांढऱ्या प्लेटच्या कडेला जांभळी किनार दिसते. त्याचा मला त्रास नाही, मी तिथे क्वचितच जातो.

सगळ्यात जास्त गुण मला पॅरॅलॅक्सने दिले, आणि खरेदीच्या वेळी त्याबद्दल कुणीच विचारत नाही. टार्गेटची प्रतिमा आणि रेटिकल एका प्रतलात नसतील तर डोळा हलला की रेटिकल टार्गेटवर सरकतं. ऑब्जेक्टिव्ह ५० मिलिमीटरचं, नॉब १०० मीटरवर आणि टार्गेट ५० मीटरवर असेल, तर डोळा झोताच्या अगदी कडेला असताना नेम १२.५ मिलिमीटरपर्यंत चुकू शकतो. ५० मीटरच्या आंतरराष्ट्रीय टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचं असतं. म्हणजे मधोमध धरलेला नेम थेट नऊमध्ये जातो आणि आपण वाऱ्याला शिव्या घालतो.

तपासायची पद्धत साधी आहे. रायफल बॅगांवर अशी बसवा की हात न लावता ती टार्गेटकडे बघत राहील. मग रायफलला स्पर्श न करता डोकं हळूहळू वर-खाली, डावी-उजवीकडे न्या. रेटिकल सरकलं तर नॉब फिरवा, थांबेपर्यंत. नॉबवर छापलेल्या आकड्यांवर विसंबू नका. माझ्या स्कोपवर ‘५०’ ची खूण गारठ्यात एका जागी बरोबर येते आणि कडक उन्हात दुसऱ्या. नॉबवर कागदी पट्टी चिकटवून स्वतःच्या खुणा केल्या आहेत, त्या सुरुवातीच्या अंदाजाला पुरतात. शेवटचा निर्णय डोकं हलवूनच.

इथे एक मेख आहे. डोळ्याजवळची, रेटिकल स्पष्ट करणारी डायॉप्टरची रिंग आधी नीट लावली नसेल तर ‘चित्र स्वच्छ’ आणि ‘पॅरॅलॅक्स शून्य’ या दोन जागा वेगळ्या येतात, आणि लोक स्कोपला खराब ठरवतात. स्कोप कोऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्यापासून लांब. नजर दुसरीकडे न्या, मग एक-दोन सेकंदच आत बघा. रेटिकल पहिल्या क्षणी ठसठशीत दिसलं पाहिजे, कारण जास्त वेळ बघितलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. एकदा लागलं की त्या रिंगवर खूण करून ठेवा. एवढं करूनही स्वच्छ चित्र आणि न सरकणारं रेटिकल यांत निवड करायची वेळ आली, तर मी न सरकणारं रेटिकल निवडतो. वर्तुळ थोडं धूसर दिसलं तरी त्याचा मध्य धरता येतो.

टरेटकडे वळतो. ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंटिमीटर, ५० मीटरवर ५ मिलिमीटर. आवाजापेक्षा कमी वेगाची मॅचची काडतुसं घेऊन ५० मीटरवर झिरो केलं की १०० मीटरसाठी मला सुमारे २ मिल वर चढावं लागतं आणि २०० मीटरसाठी ८ मिलच्या आसपास. म्हणजे प्लेट्सच्या एका सामन्यात टरेट अनेकदा वर जातो, खाली येतो. तो प्रत्येक वेळी सांगितलं तेवढंच फिरला पाहिजे आणि परत शून्यावर आला पाहिजे. यासाठी उंच कागदावर ओळंब्याने सरळ रेघ मारायची, अंतर टेपने मोजायचं, स्कोप घट्ट बसवायचा आणि गोळी न झाडता १० मिल फिरवून रेटिकल किती सरकलं ते बघायचं. १०० मीटरवर ते बरोबर १ मीटर सरकायला हवं. माझ्याकडे ९९ सेंटिमीटर आलं. एक टक्का कमी, पण दर वेळी तेवढंच कमी. मोबाइलच्या बॅलिस्टिक अ‍ॅपमध्ये तो फरक भरून टाकला आणि विषय संपला. काही महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हाही आकडा तोच. ठरावीक चूक चालते, दर वेळी वेगळी असेल तर तो स्कोप परत करावा.

त्याच रेघेवर रेटिकल सरळ चढतं का तेही दिसतं. रायफल एक अंश जरी कलली तरी ८ मिल चढवल्यावर नेम ०.१४ मिल बाजूला जातो, म्हणजे २०० मीटरवर जवळजवळ ३ सेंटिमीटर. म्हणून नळीवर छोटी बबल लेव्हल लावली आहे, आणि ती रेटिकलशी जुळवून लावली आहे, रायफलच्या दिसण्याशी नाही. २० एमओए (हेही कोनाचं माप) उताराची रेल, म्हणजे रिंगा जिच्यावर बसतात ती पट्टी, तीही घेतली. तिने ५.८ मिलची चढण आयतीच मिळते, त्यामुळे लांबच्या प्लेट्सनाही टरेट त्याच्या टोकापर्यंत ताणावा लागत नाही.

तक्रारी आहेत. फक्त ५० मीटरवर कागद खेळणाऱ्याला ०.१ मिलचा क्लिक ढोबळ वाटेल. १/८ एमओएचा क्लिक तिथे २ मिलिमीटरपेक्षाही कमी सरकतो. मला मधलं अंतर रेटिकलवर धरून भागवावं लागतं, आणि चुरशीच्या सामन्यात ते आवडत नाही. दुसरं, वाऱ्याचा टरेट उघडा आहे, लॉक नाही. रायफल पिशवीत सरकवताना तो फिरलेला आढळतो. आता प्रत्येक फेरीआधी त्याच्याकडे बघायची सवय लागली, पण पुढचा स्कोप घेताना लॉक किंवा टोपी असलेलाच घेईन. रेटिकलला लाल दिवा आहे. तो स्पर्धेत कधीच लागला नाही, बॅटरी मात्र दोनदा संपली!

फर्स्ट की सेकंड फोकल प्लेन, यावर लोक तासन्‌तास भांडतात. अंतरं बदलत असतील आणि रेटिकलवरून मोजायचं असेल तर फर्स्ट, कारण रेघांची मापं कुठल्याही पटीत खरी राहतात. एकाच अंतरावर एकाच पटीत खेळत असाल तर सेकंड, रेघा बारीक राहतात. ३० की ३४ मिलिमीटरची नळी, यातही उजेडाचा संबंध नाही. जाड नळीत टरेटला हलायला जास्त जागा मिळते, एवढंच.

मध्यंतरी माझा ग्रुप (गोळ्यांचा पुंजका) सलग उजवीकडे जायला लागला. असं झालं की सगळे आधी स्कोपवर संशय घेतात. पण .२२ मध्ये काडतुसांचा लॉट (एका वेळी बनलेला साठा) बदलला की झिरो हलू शकतो, आणि रायफलची नळी साफ केल्यावर पहिल्या काही गोळ्या कुठेही जातात. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी जुना लॉट, मग रायफलची न साफ केलेली नळी, मग स्क्रू, आणि शेवटी दुसरा स्कोप चढवून बघणं. बसवताना मी रिंग आणि स्कोपची नळी यांच्यावरून रंगाच्या पेनाने बारीक रेघ ओढली होती. ती जागच्या जागी होती, म्हणजे नळी रिंगांत सरकलेली नव्हती. शेवटी रेलचा पुढचा स्क्रू सैल निघाला. रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने २ न्यूटन-मीटरच्या आत ठेवतो, रिंग बनवणाऱ्याचा आकडा वेगळा असेल तर तो प्रमाण. जास्त आवळलं तर स्कोपची नळी दबते, आणि मग पॅरॅलॅक्स आणि टरेट दोन्ही अडखळू शकतात.

५० मिलिमीटरच्या ऑब्जेक्टिव्हमुळे स्कोप उंच बसतो. दस्त्याचा चीकपीस (गाल टेकायचा भाग) वर करता येत नसेल तर गाल हवेत राहतो आणि वरचं सगळं पॅरॅलॅक्सपुराण वाया जातं. पावसात आतली काच कोरडी राहिली, बाहेरची आपल्याच श्वासाने धुरकट होते, त्यासाठी कापड खिशात हवंच.

फील्ड टार्गेट (एअर रायफलने वेगवेगळ्या अंतरांवरची टार्गेट पाडायचा प्रकार) खेळणाऱ्यांनी मात्र हा स्कोप घेऊ नये. तिथे लेझर रेंजफाइंडर चालत नाही, अंतर पॅरॅलॅक्सच्या चाकावरूनच ओळखायचं असतं. त्यासाठी २४ पेक्षा बऱ्याच जास्त पटी आणि खुणा दूरदूर असलेलं मोठं चाक लागतं. माझ्या नॉबवर ४० आणि ५० मीटरच्या खुणांत केसभर अंतर आहे. आणि स्प्रिंगच्या एअर रायफलवर कुठलाही स्कोप चढवणार असाल तर आधी कंपनीकडून लेखी विचारून घ्या. त्या रायफलचा धक्का मागे आणि पुढे असा दोन्हीकडून बसतो, आणि मोठ्या काडतुसाचा झटका सोसणारे स्कोपही त्याने आतून खिळखिळे होतात.