भाड्यासाठी फ्लॅट घ्यावा की गाळा?

हातात साठेक लाख आहेत आणि पुण्यात भाड्याने द्यायला काहीतरी घ्यायचंय. ब्रोकर फक्त भाडं सांगतो. समजा वन बीएचकेला १८,००० आणि दुकानाच्या गाळ्याला २८,०००. ऐकताक्षणी मन गाळ्याकडे धावतं. जरा थांबा, वही काढा.

मुद्रांक शुल्क ७ टक्के, वर नोंदणीचे ३०,०००. म्हणजे ६० लाखांची जागा दोन्हीकडे साडेचौसष्ट लाखांना पडते. परतावा या रकमेवर काढायचा.

फ्लॅटचं वर्षाचं भाडं २,१६,०००. माझ्या अंदाजाने त्यातून मेंटेनन्स ३०,०००, नॉन-ऑक्युपन्सी ३,००० (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क; सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त सोसायटीला घेता येत नाही, मागितले तर भांडा), मिळकतकर १२,०००. स्वतः राहणाऱ्याला महापालिका देते ती ४० टक्क्यांची सवलत भाड्याच्या घराला नाही. दोन भाडेकरूंमध्ये एक महिना रिकामा गेला, १८,०००. दलाली वर्षाला सरासरी ९,०००. आणि डागडुजी १५,०००: माझा मागचा भाडेकरू गेला तेव्हा हॉलच्या एका भिंतीत चौदा खिळे होते, सिंकखालचं कपाट फुगलेलं. उरले १,२९,०००, म्हणजे जेमतेम २ टक्के.

गाळ्याला रंगकाम नाही, दुकानदार आतली सजावट स्वतःच करून घेतो. पण मिळकतकर जास्त, ४०,००० धरा. मेंटेनन्स २४,०००, दलाली ९,०००, शटरला तेलपाणी वगैरे ५,०००. वर्षभर भरलेला असेल तर २,५८,००० उरतात. फ्लॅटच्या दुप्पट! फक्त, फ्लॅट महिन्याभरात जातो. गाळा रिकामा झाला की कधी कधी दिवाळीपर्यंत थांबावं लागतं. साडेचार महिने शटर बंद राहिलं की सगळा फरक धुऊन गेला.

आयकरात दोघांना सारखीच वागणूक: मिळकतकर वजा करून राहिलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट. खर्च कमी असो वा जास्त, रंगाऱ्याची पावती जपून काही उपयोग नाही. त्यामुळे डागडुजी कमी असलेल्या गाळ्याला हे थोडं मानवतं. कर्ज काढणार असाल तर मात्र दोन्ही सोडा. हप्त्यातलं व्याजच या भाड्याला गिळून टाकेल.

रोख पैसे असतील आणि सहा महिने भाड्याविना निभत असेल, तर मी गाळा घेईन. पेन्शनला जोड हवी असेल तर फ्लॅट. आणि गाळा बघायला ब्रोकरबरोबर रविवारी जाऊ नका. बाजाराची सुट्टी नसलेल्या दिवशी संध्याकाळी सातला एकटे जा, आणि त्या रांगेतली बंद शटरं मोजा.