सवाई की सिम्फनी? वाद्यवृंदात वाजवणाऱ्यांसाठी

आमच्या हौशी वाद्यवृंदात दर नोव्हेंबरला तोच वाद निघतो. रजा आणि पैसे एकाच ठिकाणी घालायचे, तर डिसेंबरात पुण्यात मुकुंदनगरला सवाई (शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव), की मुंबईला एनसीपीएच्या सभागृहात पाश्चात्त्य सिम्फनी? मी दुसऱ्या व्हायोलिनच्या रांगेत बसतो, तेव्हा माझा कल कुठे झुकणार ते आधीच ओळखा.

सोयीत सवाईला तोड नाही. रिक्षाने जायचं, भारतीय बैठकीवर मांडी ठोकायची (गुडघे कुरकुरत असतील तर खुर्ची), मध्येच उठून वडा खाऊन आलात तरी कुणी डोळे वटारत नाही. मुंबईला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे, पण तिचे हंगाम वर्षातून मोजकेच आणि मैफली बहुधा संध्याकाळच्या. परतीची डेक्कन क्वीन 5.10 ला सुटते, म्हणजे वादक मंचावर यायच्याही आधी. मुक्काम नाहीतर टॅक्सी आलीच.

तरी जायचं, ते आतले आवाज, म्हणजे मुख्य सुरावटीखाली दडलेली वाद्यं ऐकायला. बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग घ्या. ती ठाय चाल आधी व्हायोला (व्हायोलिनचा जरा मोठा भाऊ), चेलो आणि डबल बेसकडे असते. मग दुसरी व्हायोलिनं ती उचलतात आणि व्हायोला-चेलो त्यावर वेगळीच लांब सुरावट धरतात. पहिल्या व्हायोलिनांचा नंबर त्यानंतर! हेडफोनवर मला हा सगळा एकच गोड गोळा वाटायचा. सभागृहात मात्र कुठल्या रांगेचे बो हलतायत ते दिसतं, आणि कान डोळ्यांमागे जातात. पुढच्या तालमीत मी शेजारच्या व्हायोलाकडे पहिल्यांदा लक्ष दिलं.

पण मुंबईच्या त्या सभागृहात सिम्फनीच्या दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली की माना वळतात. गंमत म्हणजे 1813 साली व्हिएन्नात हीच सिम्फनी पहिल्यांदा वाजली, तेव्हा श्रोत्यांनी हा दुसरा भाग पुन्हा वाजवायला लावला होता. म्हणजे त्या बाबतीत ते सवाईच्या मांडवातलेच.

सवाईचं सुख वेगळं. भीमसेनजींनी 1953 साली गुरू सवाई गंधर्वांच्या स्मृतीसाठी सुरू केलेल्या या महोत्सवात तुम्हाला तुमची वाजवायची ओळ सापडत नाही, आणि तेच औषध. आम्हा वाजवणाऱ्यांना एक खोड लागते: ऐकताना मात्रा मोजायच्या, कोण बेसूर झालं ते हेरायचं. विलंबित (संथ) एकतालाचं बारा मात्रांचं एक आवर्तन कधी कधी मिनिटभर चालतं. तिथे आपली मोजणी पार दमते. मग शेजारचे काका मांडीवर समेची (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची) थाप देतात, तेव्हा आपणही पोचलेलो असतो. सुराचंही तसंच. ऑर्केस्ट्रात ओबो हे फुंकवाद्य एक सूर देतं, वादक जुळवून घेतात आणि ते थांबतं (आमच्याकडे ओबो नाही, मोबाईलच तो सूर देतो). तानपुरा मात्र शेवटपर्यंत पाठ सोडत नाही. दोन तास त्यात बसून आल्यावर स्वतःचं ‘जवळजवळ सुरात’ वाजवणं फार टोचतं.

वाद्यवृंदात नुकते आला असाल, आपली ओळ सोडून काही ऐकूच येत नसेल, तर टॅक्सीचे पैसे काढा आणि मुंबईला जा. पाच-सात वर्षं वाजवून ऐकण्याची मजाच गेली असेल, तर सवाई. मी यंदा सवाईचा पास काढतोय. मुंबईच्या पुढच्या हंगामात सातवी असली, तर मात्र बायकोशी बोलावं लागेल.